सोलांझ दिओन आणि एकशे ऐंशी खुंट

सोलांझ दिओन ओढ्यातल्या माशांना गाणी म्हणून दाखवते आणि त्याबद्दल तिला सरकारी पगार मिळतो, ही बातमी आमच्या सेंत-ओर्तांसमध्ये फुटली ती फर्नांदच्या दुकानातून. फर्नांदला बातमी सांगताना श्वास आत ओढत बोलायची सवय आहे. आपण पाव घ्यायला जावं, आणि तिने "होऽऽ, ह्या डोळ्यांनी पाहिलं," असं काही आत ओढून म्हणावं की दुकानातली निम्मी हवा तिच्या बाजूने साक्षीला उभी राहते. "मार्च महिन्यात! गुडघाभर चिखलात! दोन्ही हात वर! आणि सूर म्हणशील तर... माशांनी गाव सोडलं तर त्यांना बोल लावू नकोस हो."

संध्याकाळपर्यंत गाणं कोणतं होतं यावर वाद सुरू झाला. रविवारी चर्चबाहेर दोघांनी चालसुद्धा ओळखली.

खरी गोष्ट अशी की सोलांझ गात नव्हती. तिचा डावा बूट ओढ्याच्या गाळात अडकला होता आणि ती "कोणी आहे का?" अशा हाका मारत होती. हात वर होते, कारण एका हातात तिची वही होती आणि दुसऱ्यात चष्मा. शेवटी बूट तिथेच ठेवून ती एका मोज्यावर घरी आली. पगाराचं मात्र खरं आहे: आठवड्याचे तीन दिवस, नगरपालिकेकडून, हुद्दा 'सांस्कृतिक मध्यस्थ'. ह्या हुद्द्याचा अर्थ गावात कोणालाच लागत नव्हता. महापौरांना विचारलं तर ते टाय सारखा करत म्हणायचे, "म्हणजे बघा, इकडे संस्कृती आहे. आणि तिकडे, हे, आपलं बाकीचं सगळं आहे. तर त्या दोघांच्या मध्ये सोलांझ."

मध्ये म्हणजे नेमकं कुठे, तर बर्फावरच्या हॉकीच्या मैदानामागे, जिथे पूर्वी स्केटच्या पात्यांना धार लावायचे त्या खोलीत. तिथे अजून ओल्या हातमोज्यांचा आणि शेजारच्या उपाहारगृहातल्या बटाटेतळणीचा वास येतो. एक टेबल, एकमेकींशी काही नातं नसलेल्या तीन खुर्च्या, आणि ती वही.

सोलांझ इथलीच, टपाल वाटणाऱ्या दिओनची धाकटी. एकोणिसाव्या वर्षी क्वेबेक शहरात गेली आणि एका बस कंपनीच्या तक्रार खिडकीवर बावीस वर्षं बसली. उशिरा आलेल्या बसगाड्या, हरवलेल्या छत्र्या, ड्रायव्हरने मारलेले टोमणे, सगळं तिच्या कानावरून गेलं. आई आजारी पडली म्हणून परत आली, आई गेली तरी राहिली. आता वय अठ्ठावन्न. पण खिडकीची सवय सुटली नाही. माणसाला 'तुला काय हवंय?' असं विचारलं की तो थापा मारतो, 'तुला त्रास कशाचा आहे?' विचारलं की खरं बोलतो, असा तिचा अनुभव. त्यामुळे गावात हिंडताना ती लोकांच्या तक्रारी वहीत उतरवते. तारीख, नाव, तक्रार. उपाय असा रकानाच नाही.

गेल्या हिवाळ्यात ह्या वहीत तीन तक्रारी एकापाठोपाठ आल्या.

पहिली यामिनाची. यामिना म्हणजे ओढ्याचा अभ्यास करणारी जीवशास्त्रज्ञ. मूळची अल्जेरियाची, चौदा वर्षांपासून इथे. बोलते भरभर, आणि मुद्दे करंगळीपासून मोजते. "एक मिनिट, एक मिनिट. एक, ओढा समुद्राला मिळतो त्या शेवटच्या वळणावरचा काठ ढासळतोय. दोन, वसंतात बर्फ वितळलं की ती माती थेट तळाच्या गोट्यांवर जाते, आणि त्याच गोट्यांवर एपर्लां अंडी घालतात. तीन, दोन वर्षं अंडी गुदमरून मेली. हा मासा जगतोच पाच-सहा वर्षं. तिसरंही वर्ष गेलं तर ह्या ओढ्यात परत यायला कोणी उरणारच नाही! तिथे जिवंत वाळुंजाच्या फांद्यांचा कूड विणून हवाय. आणि विणणारा माणूस? शून्य."

एपर्लां म्हणजे बोटभर चंदेरी मासा. शरद ऋतूत धक्क्यावर गळ टाकून अख्खं गाव तो पकडतं, पिठात घोळवून डोक्यासकट तळतं. गेल्या दोन शरदांत धक्क्यावर माणसं जास्त आणि मासे कमी होते.

दुसरी तक्रार नोएमीची. ती मॉन्ट्रियलहून आलेली शिल्पकार, बोलताना हातांनी हवा मळते आणि प्रत्येक वाक्य "म्हणजे असं वाटतं की" पासून सुरू करते. तिने किनाऱ्यावर वाळुंजाच्या फांद्यांचा नऊ मीटर लांब वाम मासा विणला होता. सप्टेंबरच्या एका वादळात तो शेपटीसकट वाहून गेला. "म्हणजे असं वाटतं की मला विणता येतं, पण रोवता येत नाही."

तिसरी क्लोव्हिस लेवेकची. वय एक्याऐंशी. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खुंट रोवून, मध्ये फांद्या विणून वाम पकडायचे कूड गावात शेवटपर्यंत त्यानेच घातले. ते बंद होऊन अकरा वर्षं झाली. क्लोव्हिसची खोड अशी की तो वाक्याच्या मध्येच थांबतो, आणि समोरच्याने ते पुरं केलं की चिडतो. त्याची तक्रार एका ओळीची: "मला कोणी काही... विचारत नाही."

सोलांझने तिन्ही तक्रारी तिघांना वाचून दाखवल्या. बस्स, एवढंच केलं. मार्चमध्ये, कळ्या फुटायच्या आत, गावकऱ्यांनी वाळुंजाचे एकशे ऐंशी खुंट तोडून क्लोव्हिसच्या कोठारात आणून टाकले. त्याने टोकं तासायची, आणि बारा एप्रिलच्या शनिवारी सगळ्या गावाने मिळून इर्जिक करायचं, असं ठरलं. ओढ्यात उतरायचा परवाना पंचवीस एप्रिलपर्यंतचा. त्यानंतर मासे येतात, ओढ्यात यामिनाशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही.

बारा तारखेला सकाळी तीस माणसं गमबूट घालून क्लोव्हिसच्या अंगणात जमली. त्याने दाढी केली होती. कोठाराचं दार त्याने असं उघडलं की नाटकाचा पडदाच. आत भिंतीला टेकवून एकशे ऐंशी खुंट उभे होते. पांढरेशुभ्र, गुळगुळीत, सोललेल्या केळ्यासारखे.

यामिना जागच्या जागी थिजली. "साल... साल कुठे गेली?"

"चुलीत," क्लोव्हिस म्हणाला. "एकशे ऐंशी खुंट. नऊ दिवस. आणि आभार..."

तो थांबला. यामिनाला त्याची खोड ठाऊक नव्हती. "आभार? आभार कसले मानू, मस्यू लेवेक? वाळुंजाला फुटवा येतो तो सालीतून! तुम्ही सगळे मारून टाकलेत! मेले हे. एकूण एक मेले!"

क्लोव्हिसला म्हणायचं होतं, आभार नकोत. ते त्याने म्हटलंच नाही. साल काढायची दोन मुठींची सुरी खिळ्याला लटकवली, हात पँटला पुसले आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज अंगणात तिसाच्या तीस जणांना ऐकू आला.

आता चूक म्हणाल तर ती चूक आमच्याच किनाऱ्यावर होऊ शकते. समुद्रात जाणारा खुंट सोलायचाच असतो. सालीवर शेवाळ धरतं, आतून कुजतं, तिसऱ्या हंगामात खुंट हलायला लागतो. क्लोव्हिसचा बाप बोटभर साल राहिलेला खुंट परत पाठवायचा. न सोललेला खुंट दुसऱ्याला देणं म्हणजे जेवायला बोलावून खरकटं ताट पुढे करणं. यामिनाने 'साल ठेवा' असं सांगितलं नव्हतं, कारण कोणी साल काढेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि क्लोव्हिसने विचारलं नव्हतं, कारण यात विचारण्यासारखं काय आहे?

गर्दी पांगली. महापौरांनी टाय सारखा केला. यामिना कुंपणाला टेकून बोटं मोजत होती, पण मुद्दे संपले होते.

"माझी चूक आहे," सोलांझ तिला म्हणाली. "बुधवारी मी त्या कोठारात गेले होते. निम्मे सोलून झाले होते. मी म्हटलं, वा, काय सुरेख."

"तुला कळलं नाही?"

"मी ह्याच किनाऱ्यावरची पोर. सोललेला खुंट बघत मोठी झाले. मला न सोललेला दिसला असता तर खटकलं असतं."

त्या संध्याकाळी तिने क्लोव्हिसला तीनदा फोन लावला. वाजत राहिला. मग वही काढून स्वतःच्या नावावर पहिलीच तक्रार लिहिली: 'बघितलं, आणि काही वाटलं नाही.' तेरा दिवस उरले होते, नवे खुंट तोडण्यात अर्थ नव्हता, कळ्या फुटल्या होत्या, आणि कळ्या फुटल्यावर तोडलेलं वाळुंज रुजत नाही. क्लोव्हिसशिवाय त्या वळणावर कूड उभा करू शकेल असा माणूस पुढच्या चार गावांत नव्हता. जेवण केलं ते मटारच्या सूपचं, तेही भांड्यातूनच.

रविवारी दहा वाजता ओहोटी लागली. सोलांझने क्लोव्हिसच्या कोठारातले बारा खुंट बर्फावरच्या घसरगाडीवर टाकले, खांद्यावर लाकडी मोगरी घेतली आणि शेवटच्या वळणावर जाऊन खुंट ठोकायला लागली. मेलेले खुंट. ती का ठोकत होती, यावर आजही गावात दोन पक्ष आहेत, ते पुढे येईलच. एवढं खरं की ते वळण क्लोव्हिसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे, आणि त्या खिडकीत बदकं बघायची दुर्बीण कायम असते.

पहिला खुंट डावीकडे गेला. दुसरा उजवीकडे. तिसरा सरळ गेला, पण जागा चुकली. चौथ्यावर मोगरी घसरली आणि सोलांझ चिखलात बसली.

पाचव्याला क्लोव्हिस आला. घरातल्या चपलांवर आला.

"पोरी! खुंट ठोकतेस की त्याची समजूत काढतेस?"

"जमत नाहीये हो."

"दिसतंय. अख्ख्या किनाऱ्याला दिसतंय. बदकंसुद्धा उडून गेली. आण इकडे." त्याने मोगरी ओढून घेतली. "असा नाही. येणाऱ्या पाण्याकडे झुकव. भरतीचं पाणी आलं की तो मागे..."

तो थांबला. तेवढ्यात यामिना तिथे पोचली होती. दर रविवारी ती गोटे तपासायला येते. तिचं तोंड उघडलं. मग तिने ते मिटलं. क्लोव्हिसने तिच्याकडे पाहिलं. ती गप्पच. समुद्रावरून एक सीगल ओरडत गेला, तरी ती गप्प.

"...मागे रेलतो आणि घट्ट बसतो," क्लोव्हिसने वाक्य पुरं केलं.

"असा किती वर्षं टिकतो?" यामिनाने विचारलं.

"सोललेला? बारा वर्षं. सालीसकट लावलात तर तिसऱ्या वर्षी पडायला आलेल्या दातासारखा हलतो, मादाम."

"एक मिनिट, एक मिनिट." यामिनाची करंगळी उठली. "मला तीनच वर्षं पुरे आहेत. तेवढ्यात मुळं काठ धरतील."

"कशाची मुळं? मेलेत म्हणालात ना. एकूण एक."

"खुंट मेलेत. खुंट मेलेलेच राहू देत! मधलं विणकाम जिवंत फांद्यांचं केलं, आणि त्यांचे बुंधे काठात पुरले, तर? तुमचे खुंट धरून ठेवतील, माझ्या फांद्या रुजतील."

क्लोव्हिसने चपलेतला चिखल झटकला. "फांद्या कुठून आणणार? सगळीकडे कळ्या... फुटल्या."

इथे सोलांझ म्हणाली, "अरे, कॉफीसाठी साखर गाडीतच राहिली," आणि निघून गेली. आमच्याकडे एप्रिलमध्ये कॉफीत मेपलचा पाक घालतात. साखर कोणीही मागितली नव्हती. शिवाय ती चालत आली होती, गाडी मैदानापाशी होती. जायला वीस मिनिटं, यायला वीस.

वाटेत तिला नोएमी भेटली. सोलांझ तिला फक्त म्हणाली, "तिकडे दोघं भांडतायत, बघण्यासारखं आहे."

नोएमी पोचली तेव्हा दोघं खरोखरच भांडत होते, दोन खुंटांत अंतर हात असावं की दीड हात यावरून. तिने ऐकून घेतलं. हात हवेत गेले, थांबले, खाली आले. तिच्याकडे वाळुंजाच्या कोवळ्या फांद्यांच्या साठ मोळ्या होत्या. मेपल पाकाच्या भट्टीमागे, सावलीत, बर्फात पुरून त्यावर भुसा टाकलेला, म्हणजे कळ्या मिटलेल्या, अजून झोपलेल्या. नवा वाम विणण्यासाठी तिने त्या अख्खा मार्च महिना एकटीने तोडल्या होत्या.

"म्हणजे असं वाटतं की..." ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचं वाक्य क्लोव्हिससारखं मध्ये थांबलं. दोघांनीही ते पुरं केलं नाही. "घ्या. सगळ्या घ्या. पण ओळ मी आखणार. तुमची ओळ सरळ आहे. पाणी तिथे सरळ येत नाही."

"पन्नास वर्षं मी सरळच घातली, पोरी."

"वाम पकडायला. इथे कोणाला पकडायचं नाहीये."

क्लोव्हिसने मग खिशातून दोरी काढून तिच्या हातात दिली.

सोलांझ साखर घेऊन परत आली तेव्हा नोएमी ओढ्यावरच्या फेसाचा माग काढत चिखलात दोरी आखत होती, यामिना तिच्यामागे खुणा रोवत होती, आणि क्लोव्हिस सोलांझने ठोकलेले पाचही खुंट उपटून नीट ठोकत होता. साखरेकडे कोणी पाहिलं नाही. ती एका दगडावर बसली आणि तिने वहीत काहीतरी खोडलं.

पुढचे अकरा दिवस प्रत्येक ओहोटीला गाव तिथे होतं. क्लोव्हिसने विणकाम शिकवलं: एक पुढून, एक मागून, आणि बुंधा नेहमी काठात. त्याने मॉन्ट्रियलच्या पोरीची ओळ पहिल्या दिवशी 'दारू प्यायलेला साप' म्हणून हिणवली. चौथ्या दिवशी मोठी भरती आली, पाणी त्या वळणावळणाच्या कुडावर आपटायचं सोडून त्याच्या कडेने घासत गेलं. तेव्हा तो म्हणाला, "साप बरा... शिकलेला आहे." फर्नांदनेसुद्धा दुकान तासभर बंद करून सात फांद्या विणल्या. त्यांच्या तिने सतरा सांगितल्या.

ह्या सगळ्यात सोलांझ काय करत होती? तर चुका. तिने फांदी उलटी धरली, गाठ चुकवली, मोगरी हरवली. जिथे ती चुकायची तिथे लगेच कोणीतरी "अगं तसं नाही" म्हणत धावायचं. ज्या घरातलं माणूस सहा वर्षं शेजाऱ्याशी बोललं नव्हतं ते सोलांझची गाठ सोडवता सोडवता शेजाऱ्याला म्हणालं, "धर हे टोक." म्हणून गावात दोन पक्ष पडले. एक म्हणतो, ही बाई पक्की आहे, मुद्दाम करते. त्या रविवारचे वाकडे खुंट हा क्लोव्हिसला लावलेला गळ होता. दुसरा पक्ष म्हणतो, छे, तिला घरात बसवेना एवढंच. पहिल्या पक्षाची प्रमुख प्रवक्ती म्हणजे प्रस्तुत लेखिका, वय सोळा. गावातल्या कोणाचीही नक्कल करण्याबद्दल शाळेतून दोनदा घरी चिठ्ठी आलेली. चौदा वेगवेगळ्या आवाजांत तिने हा सिद्धांत मांडला होता. आणि ज्याला नक्कल येते त्याला सोंग ओळखता येतं, याची तिला खात्री होती.

तेवीस एप्रिलला ती धारवाल्या खोलीत जाऊन सोलांझसमोर बसली.

"तुम्ही मुद्दाम वाकडं करता. कबूल करा."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. माणूस इतका ढ नसतो."

"असतो गं," सोलांझ म्हणाली. "लोक लपवतात, मला कंटाळा येतो."

"पैज? उद्याचा शेवटचा खुंट तुम्ही ठोकायचा. प्रामाणिकपणे. तो सरळ जाणार. गेला तर तुम्ही अख्ख्या गावासमोर कबूल करायचं."

"आणि वाकडा गेला तर?"

"इर्जिकाच्या जेवणाचे सगळे बटाटे मी सोलेन."

"सगळे?" तिने वहीत तारीख घातली. "लाव."

चोवीस तारखेला ओहोटी दुपारी होती. एकशे एकोणऐंशी खुंट उभे होते. शेवटच्या खुंटाशिवाय वरच्या टोकाची वीण बांधता येत नव्हती, आणि ती मोकळी राहिली तर पहिल्याच पुरात तिथून काठ सुटला असता. यामिना म्हणाली, "सोलांझ, हे गमतीवर नेऊ नकोस." क्लोव्हिसने मोगरी तिच्या हातात दिली.

प्रस्तुत लेखिका दोन हातांवरून बघत होती. सोंगात माणसाचे खांदे मोकळे असतात. सोलांझचे खांदे कानांपर्यंत गेले होते, जीभ दातांत होती, कपाळावर घाम होता. तिने जागा बघितली, कोन बघितला, श्वास घेतला आणि मारलं. खुंट डावीकडे गेला. तिने उजवीकडून मारलं, तो जास्तच डावीकडे गेला. बावीस घाव घातले. प्रत्येक घाव मनापासून. शेवटी तो खुंट बाकीच्या एकशे एकोणऐंशींच्या रांगेत असा उभा होता, जसा चर्चमध्ये एकटाच माणूस भलत्या वेळी गुडघे टेकतो.

पाणी फिरायला लागलं होतं, उपटून पुन्हा ठोकायला वेळ नव्हता. क्लोव्हिस पुढे झाला, खुंटाला तळवा लावला, मग खांदा लावला आणि सगळं वजन टाकून रेटला. खुंट हलला नाही.

"धरलाय," तो म्हणाला. "विणा."

सोलांझने प्रस्तुत लेखिकेकडे पाहिलं. त्या नजरेत जिंकल्याचा आनंद शोधूनही सापडला नाही. थोडी लाजली होती, एवढंच.

चार मे, रविवार. यामिना ट्रेमध्ये एक गोटा घेऊन इर्जिकाच्या जेवणाला सभागृहात आली. त्यावर रव्याच्या दाण्यांएवढी, काचेसारखी पारदर्शक अंडी चिकटली होती, आणि त्यांच्यावर मातीचा कण नव्हता. सगळे त्या ट्रेभोवती डोकी जोडून उभे होते. एकटी प्रस्तुत लेखिका मागच्या मोरीपाशी बसून एकतीस माणसांचे बटाटे सोलत होती, आणि क्लोव्हिस तिच्या डोक्यावर उभा राहून सांगत होता की साल फार जाड... निघतेय.